विहिरीचं पाणी मोजायचंय: १० व्होल्टचे ३.३ आणि ३.३ चे परत १० कसे करावेत?

औसेकर
नमस्कार मंडळी. शेत औसा तालुक्यात, विहीर ६० फूट. मोटार तळात कोरडी फिरून जळू नये म्हणून विहिरीत पातळीचा सेन्सर सोडलाय. २४ व्होल्टवर चालतो, ० ते २० मीटर पाण्याला ० ते १० व्होल्ट देतो. पुढं ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) बोर्ड, त्याला ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही. म्हणून वर १० के (के म्हणजे हजार ओहम) आणि खाली ४.७ के असे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज पाडलं. हिशेबानं १० व्होल्टला ३.२ येतात.

अडचण अशी की पाणी पंधरा मीटरच्या वर गेलं की बोर्ड भलतेच आकडे दाखवायलाय, आणि तळात मीटरभर पाणी असताना सरळ शून्य. मल्टिमीटर लावला तर रेझिस्टरच्या सांध्यावर व्होल्टेज बरोबर आहे.

दुसरं काम उलटं. बोर्डातून निघणारे ० ते ३.३ व्होल्ट वाढवून ० ते १० करायचेत, म्हणजे व्हीएफडीला (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) देऊन पाणी कमी होईल तशी ५ एचपीची मोटार हळू करता येईल. दोन्हीला सर्किट सुचवा. सामान साधं पाहिजे, लातूरात मिळेल असं.

जुना_रेडिओ
लातूर जिल्ह्यात पंधरा मीटरच्या वर पाणी? आधी विहिरीचा फोटो टाका, मग सर्किटचं बघू. :ड

औसेकर
काका, यंदा पाऊस बरा झालाय. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा ह्याच विहिरीत पोरं क्रिकेट खेळायची.

वाळूजकर
रेझिस्टर बरोबर आहेत. गडबड बोर्डाच्या एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आहे. साध्या ईएसपी३२ च्या एडीसीला सगळ्यात मोठी रेंज लावली तरी बनवणाऱ्यांनी स्वतःच शिफारस केलेला पट्टा १५० ते २४५० मिलिव्होल्टचा आहे. त्याखाली ते आंधळं असतं, वर गेलं की रेघ वाकते. तुमच्याकडं एका मीटर पाण्याला ०.१६ व्होल्ट पडतात. म्हणजे तळातलं साधारण ०.९ मीटर पाणी दिसणारच नाही आणि १५.३ मीटरच्या वर आकडे घसरणार. तुम्ही लिहिलंय तसंच व्हायलंय.

तेव्हा ० ते ३.३ हा विचार सोडा. सेन्सरचा ० बोर्डाला ०.२ वर दिसला पाहिजे आणि १० हा २.४ वर. नुसतं भागून हे होत नाही, शून्य थोडं वर उचलावं लागतं.

गणिताचे_सर_परभणी
वाळूजकरांनी जे सांगितलं ते शाळेतलं रेषेचं समीकरणच आहे. दोन बिंदू ठरवा: (०, ०.२) आणि (१०, २.४). चढ ०.२२ आला, छेद ०.२ आला. सर्किट कुठलंही असो, आधी कागदावर ही रेघ काढायची. चढ आणि छेद हातात आले की रेझिस्टर आपोआप सापडतात. माझ्याकडं डिप्लोमाची पोरं येतात ती आधी रेझिस्टर सोल्डर करतात आणि मग विचारतात, सर, आकडा कामून जुळत नाही.

नांदेडी_मिटर
सरांना +१. ह्याला ऑप-अँपसुद्धा (सिग्नल वाढवणारी आयसी) लागत नाही, तीन रेझिस्टरमध्ये काम होतं. सेन्सरपासून सांध्यापर्यंत २२ के, सांध्यापासून ३.३ व्होल्टला ८२ के, सांध्यापासून ग्राउंडला ६.८ के. सांधा एडीसीच्या पिनला.

हिशेब असा. प्रत्येक रेझिस्टरचा व्यस्त घ्या आणि बेरीज करा. २२ के चा वाटा त्या बेरजेच्या ०.२२२, तो झाला चढ. ८२ के चा वाटा ०.०५९६, त्याला ३.३ नं गुणलं की ०.१९७, तो झाला छेद. म्हणजे ० व्होल्टला ०.१९७ आणि १० व्होल्टला २.४२. तिन्ही रेझिस्टर नेहमीच्या मालिकेतले, कुठंही मिळतील. १ टक्केवाले मेटल फिल्म घ्या. एडीसीच्या पिनजवळ ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावा. तिघांचा मिळून रेझिस्टन्स ४.९ के च्या आसपास भरतो, म्हणजे ३ हर्ट्झच्या वरचा गोंगाट दबतो. विहिरीचं पाणी काही सेकंदाला दहादा वरखाली होत नाही.

बीडची_अनामिका
वाचनखूण साठवली. तीन रेझिस्टरवालं पहिल्यांदाच बघतेय, मी प्रत्येक ठिकाणी ऑप-अँप लावायची.

वाळूजकर
नांदेडी, सर्किट झकास, पण दोन खोड्या आहेत त्यात.

एक, छेद ३.३ च्या लाइनवर टांगलेला आहे. वायफाय चालू झालं की ती लाइन हलते. ती १०० मिलिव्होल्टनं हलली तर सांधा ६ मिलिव्होल्टनं हलणार, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर पाणी. शेतीला चालेल, पण माहीत असू द्या. खटकत असेल तर टीएल४३१ लावून स्थिर २.५ व्होल्ट करा आणि ८२ के च्या जागी ६२ के.

दुसरी खोडी जास्त वाईट. सेन्सरची वायर तुटली तर? तेव्हा २२ के लटकतो आणि सांध्यावर फक्त ८२ के आणि ६.८ के उरतात. तिथं ०.२५ व्होल्ट येतात. बोर्डाला वाटणार, अर्धा मीटर पाणी आहे. उंदरानं वायर कुरतडली तरी आकडा असा येतो की कुणाला संशय येऊ नये.

नांदेडी_मिटर
हे मान्य. सेन्सरच्या बाजूला २२ के च्या आधी ग्राउंडला ४७ के टाकला की तुटल्यावर सांधा ०.२३ च्या आसपास येतो, पण ते पण शून्याच्या इतकं जवळ आहे की ओळखू येत नाही. तुटलेली वायर ओळखायची तर ४–२० मिलिअँपच्या (व्होल्टऐवजी करंट देणाऱ्या) सेन्सरला पर्याय नाही.

शेंद्र्याचा_फिटर
मी हेच लिहायला आलो होतो. ०–१० व्होल्टचा सेन्सर विहिरीत टाकायलाच नको होता. कंपनीत आम्ही केबल लांब असली की ४–२० मिलिअँपच घेतो. करंट तोच राहतो, केबल शंभर मीटर असो की दोनशे, मधल्या रेझिस्टन्सनं आकडा बदलत नाही. खाली एक १२० ओहम लावा: ४ मिलिअँपला ०.४८ व्होल्ट, २० ला २.४ व्होल्ट. वर सांगितलेल्या पट्ट्यात नेमका बसतो. ऑप-अँप नाही, तीन रेझिस्टर नाहीत. आणि वायर तुटली की सरळ ० व्होल्ट. शून्य पाणी आणि मेलेला सेन्सर हे दोन्ही वेगळे दिसतात, म्हणून तर ४ पासून सुरू करतात.

औसेकर
दादा, सेन्सर घेऊन झालाय. परत करायलोय म्हणलं तर दुकानदार पाण्यात बुडवलेला माल घेत नाही म्हणतो.

जुना_रेडिओ
पाण्याचा सेन्सर पाण्यात बुडवला म्हणून परत घेत नाहीत. वा!

हैद्राबादी_लातूरकर
हौ, दुकानदार सगळीकडं सारखेच. अवांतर: सामान लातूरात नाही मिळालं तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ आहेच, पण आपल्याकडून हैद्राबाद सोपं. कोठीला गुजराती गल्लीत रेझिस्टर मापून देतात. एक टक्केवाले मागा, नाहीतर पाच टक्केवाले हातात देतात आणि रंग बघायला भिंग लागतं.

बीडची_अनामिका
मला एक सांगा, एवढं करण्यापेक्षा एडीएस१११५ लावला तर? १६ बिटचं वेगळं एडीसी आहे. ३.३ वर चालवलं तर ३.३ पर्यंत सरळ वाचतं. ४.०९६ ची रेंज ठेवली तर एक पायरी ०.१२५ मिलिव्होल्ट. म्हणजे औसेकर दादांचे आधीचे १० के आणि ४.७ के तसेच राहू द्यायचे, ० पण दिसेल आणि १० पण.

नांदेडी_मिटर
ताई, बरोबर. मीटरला ०.१६ व्होल्ट म्हणजे एक पायरी मिलिमीटरपेक्षा बारीक. सेन्सर स्वतः अर्धा टक्का इकडंतिकडं असला तरी १० सेंटिमीटर होतात, तेव्हा मिलिमीटर नुसता बघायला. पण खालचं शून्य सरळ दिसतं ही खरी कमाई. उन्हाळ्यात आपल्याला वरच्या पंधरा मीटरशी काय घेणं? तळातल्या शेवटच्या मीटरवर मोटार जगते की मरते ते ठरतं.

शेंद्र्याचा_फिटर
आणि चुकून २४ व्होल्टची वायर सिग्नलच्या स्क्रूत गेली तर? रात्री बॅटरीच्या उजेडात जोडताना होतंच. १० के आणि ४.७ के मधून ७.७ व्होल्ट निघतात, एडीएस१११५ गेला. सांध्यापासून ३.३ च्या लाइनला एक बीएटी८५ शॉटकी डायोड टाका, वरचे व्होल्ट तिकडं वळतील. वरचा १० के असल्यामुळं करंट एक-दीड मिलिअँपच्या वर जात नाही, डायोडला काही होत नाही.

गेवराईचा_पाटील
हे सगळं ठीक. वीज पडली तर? आमच्याकडं मृगात आणि परतीच्या पावसात हमखास पडते. गेल्या साली शेजाऱ्याच्या स्टार्टरपासून टीव्हीपर्यंत सगळं गेलं.

शेंद्र्याचा_फिटर
पाटील, थेट पडली तर शॉटकी डायोड काय आणि रेझिस्टर काय, डबाच राहत नाही. पण जवळपास पडली की लांब केबलमध्ये जो झटका येतो तो अडवता येतो. केबल डब्यात शिरते तिथंच गॅस डिस्चार्ज ट्यूब, मग दहा-वीस ओहम, मग टीव्हीएस डायोड, आणि सगळ्यांचं अर्थिंग एका जागी. अर्थिंगचा खड्डा कोरडा असेल तर ह्यातलं काही कामाचं नाही. मे महिन्यात खड्ड्यात पाणी ओततं कोण? विहिरीला पाणी नसतं, खड्ड्याला कुठून.

नवखा_उदगीर
माझा प्रश्न धाग्याला धरूनच आहे. माझ्याकडं विहिरीवरून आवाज सोडून पाणी मोजायचं मॉड्यूल आहे, त्याचा इको पिन ५ व्होल्ट देतो. दोन रेझिस्टर चालतील का? आणि एक ५ व्होल्टचा डिस्प्ले आय-टू-सीवर आहे, त्यालाही तेच लावू का?

बीडची_अनामिका
इकोला चालेल. १ के वर, २ के खाली, ३.३३ व्होल्ट येतात. एकाच दिशेनं जाणारा सिग्नल आहे. आय-टू-सीला नाही चालणार, कारण तिथं एकाच वायरवर दोघं बोलतात. त्याला बीएसएस१३८ मॉस्फेटवालं लेव्हल शिफ्टर घे. दोन्ही बाजूला आपापल्या व्होल्टेजचे पुल-अप असतात, कुणीही वायर खाली ओढली की दुसरीकडं खाली जाते. तयार छोटी पट्टी मिळते.

आणि अरुंद विहिरीत ते आवाजवालं मॉड्यूल कडेच्या दगडावरून इको घेतं. आकडे उड्या मारले की माझं नाव घेऊ नको.

वाळूजकर
आता औसेकरांचं दुसरं काम, ३.३ चे १० करायचं. त्याला एक एलएम३५८ पुरे. नॉन-इन्व्हर्टिंग जोडणी, २२ के फीडबॅकला, १० के ग्राउंडला. गेन (किती पट वाढ) ३.२, म्हणजे ३.३ ला १०.५६, वरचं टोक सॉफ्टवेअरमध्ये छाटा. बोर्डाच्या २५ आणि २६ नंबर पिनवर डीएसी (आकड्याचं व्होल्टेज करणारा भाग) आहे, ८ बिटचा. १०.५६ व्होल्टच्या २५५ पायऱ्या, एक पायरी ४१ मिलिव्होल्ट. मोटारीला एवढं बारीक भरपूर झालं.

लोक फसतात ते सप्लायमध्ये. एलएम३५८ चं आउटपुट वरच्या सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच थांबतं. ५ व्होल्टवर चालवला तर ३.५ च्या पुढं जाणार नाही. १२ वर १०.५ मिळतात, पण अडॅप्टर बसून ११ झाला की १० काही निघत नाही. तुमच्याकडं सेन्सरचे २४ व्होल्ट आहेतच, त्यावरच चालवा, ३२ पर्यंत सोसतो. मात्र आयसी मेली तर व्हीएफडीवर २०-२२ व्होल्ट जाऊ शकतात, म्हणून आउटपुटला १०० ओहम आणि त्यापुढं १२ व्होल्टचा एक वॅटचा झेनर.

टीएल०७२ ड्रॉवरमध्ये पडलाय म्हणून लावू नका. सिंगल सप्लायवर त्याला ग्राउंडजवळचं इनपुट कळत नाही.

जुना_रेडिओ
आमच्या वेळी ७४१ होता, १९६८ चा. त्याला अधिक पंधरा आणि उणे पंधरा असे दोन सप्लाय लागायचे, त्यासाठी मधून टॅप काढलेला ट्रान्सफॉर्मर, आणि तो जळला की गुंडाळणाऱ्याच्या दारात आठवडा. आताच्या पोरांना सगळं एका अडॅप्टरवर पाहिजे. बरं आहे म्हणा.

जालन्याचा_भट्टीवाला
ऑप-अँप कामून लावायचा पण? व्हीएफडीच्या पॅरामीटरमध्ये अ‍ॅनालॉग इनपुटचं किमान आणि कमाल व्होल्टेज असतं. कमाल ३.३ टाका, बोर्डाची वायर सरळ जोडा. झालं.

वाळूजकर
होतं तसं, नाही म्हणत नाही. पण व्हीएफडीच्या शेजारी वायरीत अर्धा व्होल्ट गोंगाट आला तर १० मध्ये तो ५ टक्के, ३.३ मध्ये १५ टक्के. मोटार गुरगुरायला लागते. डबा व्हीएफडीच्या आतच असेल, वायर वीतभर असेल, तर तुमचंच खरं.

परळीची_पाणबुडी
सगळे सर्किटवर तुटून पडलेत, पण मोटारीला काय पाहिजे ते कुणी विचारलंच नाही. पंपाचा जोर फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणं बदलतो. ५० हर्ट्झला जेवढा हेड (पाणी चढवायची उंची), ४० ला त्याचा ६४ टक्के, ३० ला ३६ टक्के. आता विहिरीतलं पाणी खाली गेलं म्हणजे ते जास्त उंच चढवावं लागणार. नेमक्या त्याच वेळी औसेकर मोटार हळू करणार! एका ठिकाणी पाणी वर यायचं थांबेल आणि मोटार आत नुसतं पाणी घुसळत बसेल, गरम होईल. शिवाय सबमर्सिबल ३० हर्ट्झच्या खाली चालवू नये असंच बहुतेक बनवणारे सांगतात, बेअरिंगला पाण्याची फिल्म मिळत नाही.

औसेकर
हे काही डोक्यात नव्हतं. मग ०–१० व्होल्ट करायचेच नाहीत का?

परळीची_पाणबुडी
करा, पण पट्टा छोटा ठेवा. पाणी भरपूर असताना ५०, कमी झालं की ४२-४३ पर्यंत, आणि त्याखाली बंद. ४२ हर्ट्झला तरी पाणी वर येतंय का ते पाइपच्या तोंडाशी उभं राहून बघा. ५० हर्ट्झला १० व्होल्ट धरले तर ८.४ ते १० एवढंच लागणार. आणि बंद करायचं काम त्या व्होल्टेजवर सोडू नका, वेगळा रिले ठेवा. बोर्ड हँग झाला तरी मोटार थांबली पाहिजे.

गणिताचे_सर_परभणी
बघा, परत दोन बिंदूच आले. (०, ८.४) आणि (३.३, १०). चढ ०.४८५. आता गेन ३.२ ची गरजच काय? पट्टा छोटा झाला की डीएसीच्या २५५ पायऱ्या त्या १.६ व्होल्टमध्ये वाटल्या जातील आणि एक पायरी ६ मिलिव्होल्टची होईल.

वाळूजकर
सर, कागदावर खरंय, पण मग बोर्ड शून्य देतो तेव्हाही मोटारीला ८.४ जाणार. बोर्ड रीसेट होताना डीएसी बंद असतो. मला तरी शून्य म्हणजे शून्यच आवडतं. इथं बारीकपणापेक्षा बंद पडल्यावर काय होतं ते महत्त्वाचं.

गणिताचे_सर_परभणी
मान्य. माझा प्रांत कागदापुरताच.

चिकलठाण्याचा_सीएनसी
थोडं अवांतर. माझ्याकडं जुन्या मशिनची स्पिंडल कमांड अधिक-उणे १० व्होल्ट आहे. तीन रेझिस्टरमध्ये उणे पण चालतं का?

नांदेडी_मिटर
चालतं, तीच रीत. सिग्नलला १०० के, ३.३ ला २७ के, ग्राउंडला २२ के. उणे १० ला ०.२४, शून्याला १.३२, अधिक १० ला २.४०. मशिनचं ग्राउंड आणि बोर्डाचं ग्राउंड एकच आहे का ते आधी मोजा मात्र. दोन्हीत फरक असेल तर हे चालणार नाही, चार रेझिस्टरचा डिफरन्स अँप्लिफायर लागेल. आणि तोही १ टक्क्याच्या रेझिस्टरवर वाईटात वाईट ३० डीबीच्या आसपासच ग्राउंडचा फरक दाबतो. ०.१ टक्केवाले घ्या, नाहीतर सरळ आयसोलेटर.

औसेकर
सगळ्यांचे आभार. शेवटी असं केलंय: अनामिकाताईंचा एडीएस१११५, जुनेच १० के आणि ४.७ के पण एक टक्केवाले, बीएटी८५, केबलच्या तोंडाशी टीव्हीएस. दोरीला मीटरच्या खुणा करून सेन्सर वरखाली केला आणि तळाशी व वर अशा दोन ठिकाणचे आकडे घेऊन प्रोग्रॅममध्ये चढ आणि छेद टाकला. आता तळातलं अर्धा मीटर पाणी पण दिसतंय. मोटार ४३ हर्ट्झच्या खाली जात नाही, रिले वेगळा आहे. वायर तुटली तर शून्य दिसतं आणि शून्यावर मोटार बंदच होते, त्यामुळं ४–२० नसलं तरी निभावतंय.

शेंद्र्याचा_फिटर
निभावतंय. पुढचा सेन्सर घ्याल तेव्हा ४–२० घ्या.

जालन्याचा_भट्टीवाला
आमच्या रोलिंग मिलच्या भट्टीला के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तारजोडी) आहे, १००० अंशाला ४१ मिलिव्होल्ट. एलएम३५८ नं साठपट वाढवून ह्याच बोर्डाला देता येईल का?

वाळूजकर
नाही. एलएम३५८ चा स्वतःचाच ऑफसेट २-३ मिलिव्होल्ट असतो, म्हणजे पन्नास-साठ अंश तिथंच गेले. वर कोल्ड जंक्शनची भरपाई वेगळी. त्याला एमएएक्स३१८५५ घ्या, आणि वेगळा धागा काढा, इथं पाणी चाललंय.